रांगेतली शेवटची जागा

१

सांता आगेदाच्या सणाच्या सकाळी मादरे ब्रिहिदांचं दार उघडलं, तेव्हा आधी दिसला तो त्यांचा कुत्रा. मांजराएवढा, पांढरा, लाडावलेला तो जीव उंबऱ्याशी चारी पाय ताणून पडला होता आणि त्याच्या तोंडाभोवतीचा फेस वाळला होता. पलीकडे पलंगावरून मादरे ब्रिहिदांचा एक हात खाली लोंबत होता. फरशीवर त्यांचा चॉकलेटचा चांदीचा पेला आडवा पडलेला. कुत्र्याने तो चाटूनपुसून लख्ख केला होता.

दार उघडलं ते त्यांच्या म्हाताऱ्या दासीने, पास्कुआलाने. ती ओरडली नाही. डोंगरातल्या केचुआ बाया दुःखात ओरडत नाहीत, खाली बसतात. तशी ती उंबऱ्यावरच बसली. ओरडली ती तिच्यामागून कोळशाची शेगडी घेऊन आलेली सिमोना, आणि तिच्या आवाजाने त्या गल्लीतली सगळी दारं उघडली.

आरेकिपाच्या त्या मठात तेव्हा गल्ल्या होत्या. मोठ्या घरच्या प्रत्येक संन्यासिनीची स्वतःची खोली, स्वतःची चूल आणि स्वतःची माणसं असत. भिंती ज्वालामुखीच्या पांढऱ्या दगडाच्या. हात लावला की बोटांना पिठासारखी भुकटी लागे. त्या सकाळी ती भुकटी आपसूक गळत होती. आदल्या दिवसापासून मिस्ती डोंगराच्या पोटात गुरगुर चालली होती आणि पावसाळी ढगांनी त्याचं डोकं गिळून टाकलं होतं.

मादरे कासिल्दा काठी टेकत पोचल्या, तोवर खोलीत बऱ्याच काळ्या ओढण्या जमल्या होत्या. "विष," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्याजणी एकदम मागे सरल्या. पेल्यापासून, चॉकलेटच्या भांड्यापासून, ताटलीतल्या साखरफळाच्या वड्यांपासून. मेलेलीच्या तोंडावर चादर ओढायलाही कुणाचा हात पुढे होईना.

एवढ्यात मादरे हासिन्ता आल्या. प्रेत बघताच त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. भिंत धरत त्या कोपऱ्यातल्या रांजणाशी गेल्या, ओगराळं बुडवलं आणि घटाघटा पाणी प्यायल्या.

"अगं, आज प्रसाद आहे," मठाच्या प्रमुख, थोरल्या मादरे म्हणाल्या.

हासिन्तांनी ओगराळं खाली ठेवलं आणि ओठांवर हात दाबला. "विसरलेच," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले.

सगळ्यांना वाईट वाटलं. मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंब पोटात गेला तरी त्या दिवशी ख्रिस्तप्रसाद घेता येत नसे. मठाच्या स्वामिनीच्या, सांता आगेदाच्या, सणाला तो चुकणं म्हणजे माहेरी जाऊन उपाशी परतणं.

कासिल्दांनाही वाईट वाटलं. पण त्यांच्या मनात काहीतरी कुसळासारखं रुतलं. काय, ते तेव्हा कळलं नाही.

२

मिस्सा झालीच. राजा मेला तरी सांता आगेदाची मिस्सा चुकत नसे.

प्रसाद द्यायला मठ आणि देऊळ यांमधल्या लोखंडी जाळीच्या मधोमध पंजाएवढी खिडकी होती. पलीकडून पाद्रे बाल्तासारांचा हात तेवढा दिसे. अलीकडे रांग. आधी काळ्या ओढणीच्या: भरघोस हुंडा आणलेल्या, ज्यांच्या रक्तात स्पेनबाहेरचा थेंब नाही अशी चार प्रतिष्ठित माणसांनी शपथ घेतलेल्या. मग पांढऱ्या ओढणीच्या: हुंडा कमी, घर साधं, वाट्याला झाडू आणि भाकरीची भट्टी. त्यांच्यामागे लहानपणीच मठाला वाहिलेल्या केचुआ आणि मिश्र रक्ताच्या बाया. मग गुलाम. पास्कुआलाचे गुडघे धरलेले, म्हणून ती गुलामांच्याही मागे, सगळ्यांत शेवटी राही. स्वर्गातही अशीच रांग असणार असं सगळ्या धरून चालत. वेगळं काही असेल, असं कुणाच्या स्वप्नातही येत नसे.

कासिल्दांना उभं राहवत नसे. त्यांना खिडकीशेजारी बाक दिला होता. तिथून प्रत्येकीचा चेहरा दिसे. त्या दिवशी काळ्या ओढण्यांमधली एकच जागेवरून उठली नाही. हासिन्ता मान खाली घालून बसून होत्या. बाकी झाडून सगळ्या आल्या. शेवटी पास्कुआला आली, गुडघे टेकले, डोळे मिटले आणि तहानलेल्या पाखरासारखं तोंड उघडलं.

मिस्सा संपून सगळ्या चौकात आल्या, तेव्हा पास्कुआला मधोमध फरशीवर गुडघे टेकून बसली होती.

"मादरे ब्रिहिदांना मी मारलं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला विचारू नका."

३

मादरे कासिल्दांचं मठातलं काम ऐकण्याचं होतं. संन्यासिनीला भेटायला माणूस आलं की मधे लोखंडी जाळी, जाळीवर काळं कापड, आणि कापडाअलीकडे एका कोपऱ्यात ऐकणारी. ऐकणारीशिवाय बाहेरच्या माणसाशी बोलायचं नाही, हा नियम. उमेदीची सगळी वर्षं कासिल्दा तिथे बसल्या होत्या. किती बहिणींची रडगाणी, किती भावांच्या थापा त्यांनी ऐकल्या असतील. भिंतीला कान असतात, म्हणून पोरीबाळी त्यांना पाठीमागे 'भिंत' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असे.

गेल्याच आठवड्यात ब्रिहिदांना त्यांचा भाऊ व्हेन्तुरा भेटायला आला होता. गलेलठ्ठ, बोलघेवडा माणूस. जुन्या नाचगाण्यांच्या आठवणी काढत बसला. मोठ्या भूकंपाच्या आदल्या पंधरवड्यात कामाना गावात काय नाच झाला होता म्हणे. मखेसच्या द्राक्षमळ्यांची मालकीण, दोन्या रेमेदियोस, वेलीसारख्या कंबरेने पहाटेपर्यंत कशी थिरकत होती. कासिल्दांना डुलकी येत होती. पण ब्रिहिदांनी एकदम विचारलं, "कधी म्हणालास? पुन्हा सांग." त्या स्वराने कासिल्दांची झोप उडाली होती.

आता त्याच जाळीपलीकडे पाद्रे बाल्तासार बसले होते आणि अलीकडे, हात बांधलेली पास्कुआला. कासिल्दा कोपऱ्यात.

पाद्रे घाईत होते. येत्या रविवारी नव्या थोरल्या मादरेची निवड व्हायची होती आणि ती कोण, याबद्दल शहरभर एकमत होतं. मादरे हासिन्ता. गोड गळा, कडक उपास, आणि जन्मच असा की लोक बोट दाखवत: मोठ्या भूकंपाच्या आठवड्यात, घर पडलेलं असताना मखेसच्या मळ्यात चटईखाली जन्मलेली. 'भूकंपाची लेक' म्हणत तिला. एकट्या ब्रिहिदा तिच्या विरोधात होत्या. का, ते त्या सांगत नसत. नुसत्या हसत.

विष कसलं, असं पाद्रेंनी विचारलं. उंदरांसाठीचा सोमल, पास्कुआला म्हणाली. कोठाराची किल्ली खुंटीवरच असते. मारलंस का? मादरे ब्रिहिदा मारायच्या मला, शेगडीवरच्या चिमट्याने. हे खरं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी बोललं नव्हतं.

"विष कशात घातलंस?"

"भांड्यात," ती लगेच म्हणाली. "चॉकलेट घुसळतानाच. सगळ्या भांड्यात."

पाद्रेंनी छातीवर क्रुसाची खूण केली. सणाच्या आदल्या संध्याकाळी हासिन्ताही ब्रिहिदांच्या खोलीत बसल्या होत्या आणि पास्कुआलाने दोन पेले भरले होते. पातळ चॉकलेटने उपास मोडत नाही असा पाद्री लोकांनीच निर्वाळा दिला होता. निर्वाळा देणाऱ्यांनाही ते आवडे. पण हासिन्तांनी त्या दिवसाचा उपास जास्तच कडक धरला आणि आपल्या पेल्याला ओठ लावला नाही. उपासाने तिला वाचवलं, असं पाद्रे म्हणाले. जवळजवळ चमत्कारच.

निवड होईपर्यंत ब्र बाहेर काढायचा नाही आणि रविवारी मिस्सेनंतर म्हातारीला शहराच्या न्यायाधीशाच्या हवाली करायचं, असं ठरलं. पुढे काय होणार ते सांगायची गरज नव्हती. मोठ्या चौकात लाकडी फासखांब कायमचाच उभा असे.

पास्कुआलाने हे सगळं शांतपणे ऐकलं. जणू पीठ दळून झालं, आता घरी जायचं.

कासिल्दा मात्र अस्वस्थ झाल्या. जन्मभर खोटं ऐकलेल्या बाईला एक गोष्ट कळते: खोटं बोलणारा स्वतःला वाचवायला बघतो, म्हणून अडखळतो. ही प्रश्न संपायच्या आधी उत्तर देत होती.

४

सिमोना स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर कोंबडी सोलत होती. उंच, काळी, तोंडाची तिखट. लिमाच्या बाजारात विकत घेतलेली, आणि ते ती स्वतःच सगळ्यांना ऐकवी: "मला रोख मोजून आणलंय, तुमच्यासारखी फुकट नाही आले."

कासिल्दा तिच्या शेजारी पायरीवर टेकल्या. काळी ओढणी त्या पायरीवर कधी बसली नव्हती. सिमोनाने कोंबडी बाजूला ठेवली.

"भिंत चालत आली," ती म्हणाली. "आता पडणार कुणाच्या अंगावर?"

कासिल्दांनी विचारलं, की पेले भरल्यावर भांड्यात उरलेल्या चॉकलेटचं काय होतं. सिमोना म्हणाली, ओतून देतात. कासिल्दा गप्प बसल्या. गप्प बसणं हीच त्यांची विद्या. थोड्या वेळाने सिमोनाने पुन्हा कोंबडी उचलली, पुन्हा ठेवली.

उरलंसुरलं रांगेने खाली येतं, हे त्या मठात न लिहिलेलं शास्त्र होतं. मालकिणीचं उरलेलं पांढऱ्या ओढणीला, तिचं उरलेलं वाहिलेलीला, तळाची खरवड गुलामाला. पण ब्रिहिदा त्यालाही अपवाद. त्यांचं उरलेलं कुत्र्याला. चोरून प्यायल्याबद्दल सिमोनाने मागे फटके खाल्ले होते.

"मेलेल्या बाईचे फटके बसत नाहीत, सिमोना."

"जिवंत पाद्रीचे बसतात," सिमोना म्हणाली. मग आवाज खाली आणून, "प्यायले. भांड्यात उरलेलं प्यायले आणि मादरे हासिन्तांचा भरलेला पेला परत आला तोही प्यायले. साय धरलेली होती, मादरे. ओतून कसं टाकायचं? पाप लागतं."

"आणि पोटात दुखलं?"

"भीतीने दुखलं, दुसऱ्या दिवशी. बघा ना, उभी आहे तुमच्यापुढे. हे सांगितलं तर म्हणतील, तू कशी नाही मेलीस? नक्की तूच घातलंस. आमचं मरणं पण पुरावा आणि जगणं पण पुरावा."

कासिल्दा उठल्या. पायाखाली जमीन हलकेच थरथरली आणि शेल्फावरची ताटं वाजली. भांडं स्वच्छ होतं. हासिन्तांचा पेला स्वच्छ होता. विष एकट्या ब्रिहिदांच्या पेल्यात पडलं, तेही खोलीत नेल्यावर. विष कुठे घातलं हेच जिला माहीत नाही, तिने ते घातलेलं नाही.

आणि मग मनातलं कुसळ वर आलं. रांजण.

त्या सकाळी विष पेल्यात होतं, भांड्यात होतं की पाण्यात, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या खोलीतल्या चादरीलाही कुणी शिवत नव्हतं. आणि एक बाई सरळ चालत गेली आणि त्याच खोलीतल्या रांजणातलं पाणी घटाघटा प्यायली.

५

मठाच्या बंदिखोलीला खिडकी नव्हती. दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात पास्कुआला जपमाळ ओढत होती. कासिल्दांनी दार लोटून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"प्रसाद का घेतलास?"

पास्कुआलाची बोटं थांबली.

"हत्या करून आलेली बाई ख्रिस्ताला तोंडात घेत नाही, पास्कुआला. नरकाची भीती तुला माझ्याहून जास्त आहे."

"मी अडाणी बाई, मादरे."

"अडाणी असशील. निर्ढावलेली नाहीस." कासिल्दा खाली वाकल्या. "उंबऱ्यावर बसून तू तिला पाणी पिताना बघितलंस. मग रांगेच्या शेवटून बघितलंस, की ती जागेवरून उठली नाही. तेव्हा तुला कळलं. आणि मग स्वतःसाठी शेवटचा प्रसाद घेतलास, आणि बाहेर येऊन खोटं बोललीस."

तिने एक मणी पुढे सरकवला. मग पास्कुआला बोलली ती दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तशी. हासिन्ता लहान होती तेव्हा तापाने फणफणली तरी प्रसादाच्या सकाळी पाणी घेत नसे. ओठ फुटून रक्त यायचं. ओला कापूस ओठांना लावायला गेलं की तोंड फिरवायची. अशी पोर पाणी 'विसरून' पिते, हे इतरांना पटेल, तिला दूध पाजलेल्या बाईला कसं पटावं?

हासिन्ता मठात आली तेव्हा दाई म्हणून पास्कुआलाही तिच्याबरोबर आली होती. पुढे ब्रिहिदांनी तिला मागून घेतलं. चॉकलेट चांगलं घुसळते म्हणून, असं सगळ्यांना वाटलं.

दूध पाजलं म्हणून कुणी फासावर जातं का, असं विचारायला कासिल्दांनी तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. त्यांना व्हेन्तुराचा जाड आवाज आठवला. भूकंपाच्या आदल्या पंधरवड्यात हासिन्ताच्या आईची, दोन्या रेमेदियोसची, वेलीसारखी कंबर. आणि भूकंपाच्या आठवड्यात, मळ्यात चटईखाली, लेक.

"दोन्या रेमेदियोसला ती झालीच नाही," त्या म्हणाल्या.

पास्कुआलाने जपमाळ छातीशी धरली. "मालक म्हणाले, पोर गोरी आहे, घरात खपेल. तू पाज आणि गप्प राहा. मी गप्प राहिले, मादरे. इतकी वर्षं गप्प राहिले. आता दोन दिवसांसाठी मला बोलायला लावू नका."

केचुआ दासीच्या पोटची, आणि अंगावर काळी ओढणी. चार प्रतिष्ठितांची शपथ खोटी. ते उघड झालं असतं तर थोरली मादरे होणं राहिलं बाजूला, ओढणी उतरवून हासिन्ताला भट्टीवर बसवलं असतं.

"तिला हे माहीत आहे?"

"आठवडाभर माझ्याकडे बघत नव्हती. आधी बघायची," पास्कुआला म्हणाली. "ब्रिहिदांनी सांगितलं असणार. त्या मला चिमटा लावायच्या, आणि तेव्हा तिला समोर बसवायच्या."

६

पाद्रे बाल्तासारांनी कासिल्दांचं सगळं ऐकून घेतलं. रक्ताची गोष्ट कासिल्दांनी सांगितलीच नाही. ती त्यांची नव्हती. बाकी भांडं, पेला, रांजण, प्रसाद, सगळं सांगितलं.

पाद्रे दयेने हसले. एका गुलाम बाईच्या तोंडच्या शब्दावर आणि एका घोट पाण्यावर, मखेसच्या एवढ्या घराण्यातली काळी ओढणी? म्हातारीने प्रसाद घेतला म्हणता, पण या लोकांना त्याची भीती कुठे असते? उद्यापर्यंत विश्रांती घ्या, मादरे. वय झालं.

त्या दुपारी कासिल्दांना हासिन्ता बागेत सापडल्या, डाळिंबाखाली. मिस्तीवरून येणाऱ्या राखेने पानं करडी झाली होती. कासिल्दांनी काठी बाकाला टेकवली आणि जे कळलं होतं ते साध्या शब्दांत सांगितलं. पास्कुआला कोण, तेही.

हासिन्ता रडल्या नाहीत. "तुमच्याकडे काय आहे, मादरे? एक घोट पाणी."

"तेवढंच."

"मी थोरली झाले की तिच्यासाठी शब्द टाकीन. बिशपसाहेबांना स्वतः—"

"फासावरून उतरवायला?"

हासिन्तांनी डाळिंबाचं पान तोडलं, त्यावरची राख पुसत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, की ब्रिहिदांनी त्यांना रोज बोलावलं. रोज तिला मारलं. मारून झालं की चॉकलेट मागवायच्या. निवडीतून माघार घे म्हणाल्या असत्या तर घेतली असती. पण त्यांना ते नको होतं. सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

"एक दिवस रांगेत उभ्या असताना मागून कानात म्हणाल्या, मागे वळून बघ. अगदी शेवटी. तुझी जागा तिथे आहे." हासिन्तांचा आवाज पहिल्यांदा फाटला. "त्या कुत्र्याला वडी भरवायला वळल्या. तेवढाच वेळ लागला."

"हे पाद्रेंना पापनिवेदनात सांगशील, तर ते आधी म्हणतील, निरपराध बाईला सोडव. म्हणून तू तिकडे फिरकली नाहीस. आणि पाप अंगावर घेऊन प्रसाद घ्यायला तू धजावत नाहीस, म्हणून त्या सकाळी पाण्याचं निमित्त केलंस. सोमल घालायला धजावलीस, पण हे नाही." कासिल्दांनी काठी उचलली. "उद्या निवडीची मिस्सा. मत देण्याआधी सगळ्यांनी प्रसाद घ्यायचा. आज रात्रभर मी तुझ्या दाराशी बसणार नाही, कुणाला काही सांगणार नाही. पण मिस्सेत मी खिडकीशेजारीच असेन. आणि उद्या कोपऱ्यात रांजण नसेल, हासिन्ता."

७

रविवारी सकाळी मिस्ती गप्प होता. ते गुरगुरण्याहून वाईट. पाखरं बोलत नव्हती.

मेणबत्त्यांचा वास, ओल्या लोकरीचा वास. जाळीपलीकडे शहरातली मोठी माणसं निकालासाठी थांबलेली. दाराबाहेर पास्कुआला, दोन पांढऱ्या ओढण्यांच्या मधे, हात बांधलेली. मिस्सा संपली की तिला बाहेरच्या दरवाज्याशी न्यायचं होतं.

रांग सरकू लागली. कासिल्दा बाकावर बसून चेहरे बघत होत्या. हासिन्ता रांगेत होत्या. पाणी प्यायल्या नव्हत्या. ओठ सुकून फुटले होते. त्यांच्यापुढची खिडकीशी वाकली, प्रसाद घेऊन बाजूला झाली.

हासिन्ता खिडकीसमोर आल्या. पाद्रेंचा हात पुढे आला, बोटांत पांढरी चकती. हासिन्तांनी तोंड उघडलं. कासिल्दांना त्यांची जीभ दिसली, आणि त्यांना वाटलं, संपलं, म्हातारी गेली.

हासिन्तांनी तोंड मिटलं.

हात तसाच राहिला, मग थोडा हलला, शोधल्यासारखा. हासिन्ता वळल्या. त्या काळ्या ओढण्यांच्या कडेने मागे चालत गेल्या. पांढऱ्या ओढण्यांच्या कडेने गेल्या. वाहिलेल्या बाया घाबरून वाट देऊ लागल्या. सिमोना भिंतीला चिकटली. सिमोनाच्या मागे एका माणसाची जागा रिकामी होती. धरलेल्या गुडघ्यांनी इतकी वर्षं अडवलेली ती जागा. हासिन्ता तिथे जाऊन गुडघ्यांवर बसल्या.

"मला प्रसाद नको," त्या म्हणाल्या. तोच गळा, गाण्याचा. जाळीपलीकडे शेवटच्या बाकापर्यंत गेला. "मादरे ब्रिहिदांच्या पेल्यात सोमल मी घातला. त्या म्हातारीचे हात सोडा."

८

शहराला सांगितलं गेलं की मादरे ब्रिहिदा पोटशूळाने गेल्या आणि मादरे हासिन्तांना वेडाचा झटका आला. जाळीपलीकडच्या मोठ्या माणसांनी ते मान्य केलं. मोठ्या माणसांना ऐकू आलेलं विसरता येतं.

हासिन्ताची काळी ओढणी उतरवली. याहून मोठी शिक्षा नाही, असं पाद्रे म्हणाले. रक्तापायी ती तशीही उतरली असती, हे त्यांना कधीच कळलं नाही. बागेच्या टोकाच्या खोलीचं दार चिणून टाकलं आणि ताटली जाईल एवढी फट ठेवली, जन्मभरासाठी. आजही त्या भिंतीत तेवढाच दगड वेगळ्या रंगाचा आहे.

जेवण कोण नेणार, असा प्रश्न निघाला तेव्हा पास्कुआलाने हात वर केला. थोरल्या मादरेंनी कपाळाला आठ्या घातल्या. कैद्याशी बोलायचं तर नियम होता: ऐकणारीशिवाय नाही.

"मी जाईन," कासिल्दा म्हणाल्या.

पहिल्या दिवशी दोघी हळूहळू गेल्या, एकीचे गुडघे आणि दुसरीची काठी. पास्कुआलाने मक्याच्या सुपाची वाटी फटीत ठेवली. आतून एक हात आला. त्याने वाटी घेतली नाही. म्हाताऱ्या बोटांवर तो हात तसाच राहिला. मग आतून श्वास घेतल्याचा आवाज आला, बोलण्याआधी माणूस घेतं तसा.

ऐकायला बाजूच्या दगडावर बसलेल्या कासिल्दा उठल्या. काठी जरा जास्तच आपटत, दोघींना ऐकू जावी अशी, त्या डाळिंबाकडे निघाल्या. जन्मभर ऐकलेल्या बाईला मागे न ऐकता चालणं फार जड गेलं. पण त्या बागेच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या आणि वाटी रिकामी होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.